मानवी हक्कांचा कायदा : सुरुवात कुठून करायची? येरवड्यातल्या एका नकलेची गोष्ट

पुणे : येरवडा मध्यवर्ती कारागृहाकडे मुंबई उच्च न्यायालयातून एका निकालाची नक्कल पाठवली गेली होती. ती ज्या कैद्यासाठी होती त्याच्या हातात पडली की नाही, हे पुढे सर्वोच्च न्यायालयातही सिद्ध झाले नाही. कारण कैद्याच्या सहीची पोच कागदपत्रांत नव्हती. त्या एका नसलेल्या सहीवरून देशातल्या सगळ्या कैद्यांना निकालाची मोफत नक्कल आणि मोफत वकील मिळण्याचा नियम ठरला. मानवी हक्कांचा कायदा समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करायला हरकत नाही.

जुन्नर, भोर, पुरंदर, इंदापूर अशा तालुक्यांतून दरवर्षी मुले-मुली कायदा शिकायला पुण्यात येतात. कॉलेजात कलमे पाठ होतात, पण सुट्टीला गावी गेल्यावर पारावर वेगळाच प्रश्न समोर येतो : "पोरगं कामाला पुण्यात होतं, पोलिसांनी नेलंय म्हणत्यात. आता काय करायचं?" ज्यांना हा विषय पहिल्यांदा शिकायचा आहे आणि ज्यांना असा प्रश्न पडतो, त्या दोघांसाठी ही माहिती.

प्रकरण काय होते?

एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल १७ ऑगस्ट १९७८. होस्कोट हे शिकलेले गृहस्थ, विद्यापीठात शिकवणारे. विद्यापीठाच्या खोट्या पदव्या तयार करण्याचा प्रयत्न केला, असा आरोप त्यांच्यावर होता. खालच्या न्यायालयाने दोषी धरले, पण शिक्षा अगदी किरकोळ दिली : त्या दिवशीचे कोर्ट उठेपर्यंत कैद आणि थोडा दंड. सरकार अपिलात गेले. उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये शिक्षा वाढवून तीन वर्षे सक्तमजुरी केली.

होस्कोट सर्वोच्च न्यायालयात गेले ते चार वर्षांहून जास्त उशिराने. तोवर पूर्ण शिक्षा भोगून झाली होती. उशीर का झाला, तर त्यांचे म्हणणे असे की निकालाची नक्कलच मिळाली नाही. नक्कल येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे वेळेत पाठवली होती, अशी नोंद होती. पण कैद्याला दिली याची पोच नव्हती.

निकाल काय लागला? होस्कोट हरले. त्यांचा अर्ज फेटाळला गेला, दोषही कायम राहिला. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने तेवढ्यावर फाईल बंद केली नाही. पुढच्या कैद्यांसाठी न्यायालयाने हे ठरवून दिले :

- शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने निकालाची नक्कल कैद्याला वेळेत आणि मोफत द्यावी.
- नक्कल तुरुंगामार्फत आली तर तुरुंगाने ती लगेच कैद्याला द्यावी आणि त्याच्याकडून लेखी पोच घ्यावी.
- अपील करायचे असेल तर तुरुंगाने सगळी सोय करून द्यावी.
- कैदी गरीब असेल किंवा बाहेरच्या कोणाशी संपर्क करू शकत नसेल, तर न्यायालयाने त्याला वकील नेमून द्यावा आणि खर्च सरकारने करावा.

नव्या विद्यार्थ्याने यातून दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली, मानवी हक्क चांगल्या माणसाला बक्षीस म्हणून मिळत नाहीत. दोषी ठरलेल्या माणसालाही ते असतात. दुसरी, हक्क कितीही मोठा असला तरी तो पोचतो कागदावरून : नक्कल, पोच, तारीख, सही. कागद नसेल तर हक्क तोंडी राहतो.

मानवी हक्क म्हणजे नेमके काय?

बांधावरून भावाभावांत भांडण झाले, व्यापाऱ्याने कांद्याचे पैसे बुडवले, वाटणीत बहिणीचे नाव लागले नाही. हे वाद मोठे असतात, पण त्यांना दिवाणी, महसुली किंवा फौजदारी कायदा आहे. मानवी हक्कांचा कायदा मुख्यतः सरकार आणि माणूस यांच्यामधला आहे. पोलीस, तुरुंग, सरकारी दवाखाना, नगरपालिका, तहसील अशी सत्ता ज्यांच्या हातात आहे, त्यांनी माणसाशी कसे वागायचे याची ती मर्यादा आहे.

म्हणजे शेजाऱ्याने मारले तर तो गुन्हा. पोलीस कोठडीत मारले तर तोही गुन्हाच, पण सोबत मानवी हक्कांचा भंग. शेजाऱ्याने मारल्यावर पोलीस तक्रारच लिहून घेत नसतील, तर तिथेही सत्ता आपले काम टाळते आहे, म्हणून हा विषय येतो.

हे हक्क कुठे लिहिलेत?

तीन पायऱ्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली पायरी जगाची. दुसरे महायुद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. म्हणून १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे इंग्रजी शब्द होते. ते बदलून 'सर्व माणसे' असा अर्थ आणण्यात भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांचा मोठा वाटा होता. मुंबई प्रांतातून त्या आपल्या संविधान सभेतही होत्या. जाहीरनामा हा तसा वचननामा होता. पुढे १९६६ मध्ये दोन करार झाले, एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. भारत १९७९ मध्ये दोन्हींत सामील झाला.

दुसरी पायरी संविधानाची, आणि आपल्या कोर्टात खरे वजन हिचे. कलम १४ म्हणजे कायद्यापुढे सगळे समान. कलम १७ म्हणजे अस्पृश्यता बंद. कलम २१ म्हणजे जीव आणि स्वातंत्र्य. कलम २२ म्हणजे अटकेतल्या माणसाचे संरक्षण. कलम ३२ ने सर्वोच्च न्यायालयात आणि कलम २२६ ने उच्च न्यायालयात थेट दाद मागता येते. कलम ३९-अ सरकारला मोफत कायदेशीर मदतीची व्यवस्था करायला सांगते.

इथे एक बारीक फरक परीक्षेतही विचारतात. भाषण, संघटना, व्यवसाय यांचे कलम १९ मधले स्वातंत्र्य फक्त भारतीय नागरिकांना आहे. पण कलम १४ आणि २१ 'कोणत्याही व्यक्तीला' लागू आहेत, परदेशी माणसालासुद्धा.

तिसरी पायरी १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याची. त्यातून दिल्लीत राष्ट्रीय आयोग आला आणि राज्यांचे आयोग आले. महाराष्ट्राचा आयोग २००१ मध्ये सुरू झाला, तो मुंबईत आहे.

कलम २१ मोठे कसे झाले?

कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कोणाचाही जीव किंवा स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही, असे हे कलम सांगते. सुरुवातीला याचा अर्थ अरुंद होता : कायदा आहे ना, मग झाले. जानेवारी १९७८ मध्ये मनेका गांधी प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की नुसती पद्धत असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी हवी. सातच महिन्यांनी होस्कोट प्रकरणात त्याच धाग्याने विचार झाला : निकालाची नक्कल नाही, वकील नाही, मग अपिलाचा अधिकार देऊन काय उपयोग?

त्यानंतरची दोन प्रकरणेही महाराष्ट्रातलीच आहेत.

शीला बारसे, १९८३. पत्रकार असलेल्या बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे काही जणींनी सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि पत्रालाच याचिका मानले गेले. महिलांसाठी वेगळी कोठडी, अटक होताच कायदेशीर मदतीची सोय, नातेवाईकाला कळवणे, आणि दंडाधिकाऱ्याने आरोपीला 'कोठडीत त्रास झाला का' असे विचारणे, हे आदेश तिथून आले.

ओल्गा टेलिस, १९८५. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांची घरे पाडण्याविरुद्धचे हे प्रकरण. त्यातला एक अर्जदार संगमनेरचा होता. गावात चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. गावचे घर पडले आणि तो १९६९ मध्ये मुंबईला आला. न्यायालयाने मान्य केले की पोट भरण्याचे साधन काढून घेतले तर जगण्याचा हक्क राहत नाही, म्हणून उपजीविका कलम २१ मध्ये येते. पण फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क दिला नाही. नोटीस देऊन, म्हणणे ऐकून आणि पावसाळा संपल्यावर हटवता येईल, असा निकाल झाला. हक्क मान्य होणे आणि घर वाचणे यात किती अंतर असते, हे या निकालात दिसते. पुण्यात टपरी किंवा झोपडी हटवण्याचा विषय निघाला की आजही याच प्रकरणाचा आधार घेतला जातो.

अटक झाली तर आज काय लागू आहे?

१९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात हे नियम आहेत. घरच्यांनी एवढे तरी माहीत ठेवावे :

- अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे (कलम ४७).
- अटक झाल्याचे आणि कुठे ठेवले आहे ते नातेवाईक, मित्र किंवा आरोपी सांगेल त्या माणसाला लगेच कळवले पाहिजे (कलम ४८).
- अटकेचा मेमो लिहिला पाहिजे. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि आरोपीची सही हवी (कलम ३६).
- चौकशी चालू असताना आरोपीला वकिलाला भेटता येते. पूर्ण वेळ वकील शेजारी बसेल असे मात्र नाही (कलम ३८).
- अटकेनंतर डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. अहवालाची प्रत मागून घ्यावी (कलम ५३).
- प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे (कलम ५८).
- बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते (कलम ४३).
- साक्षीदार म्हणून बोलावताना महिला, १५ वर्षांखालील मुलगा, ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग किंवा गंभीर आजारी माणूस यांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी जाऊन विचारायचे (कलम १७९).

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत थेट अटक न करता हजर राहण्याची नोटीस दिली जाते. नोटीस आली तर पळू नये. हजर राहावे आणि नोटिशीची प्रत जपून ठेवावी. नोटीस पाळली नाही तर अटक होऊ शकते.

तक्रार द्यायला गेल्यावर "ही आमची हद्द नाही" असे ऐकायला मिळते. दखलपात्र गुन्हा असेल तर हद्द कुठलीही असो, माहिती लिहून घ्यायलाच हवी. एफआयआरची नक्कल मोफत मिळते (कलम १७३). ठाण्यात घेत नसतील तर लेखी तक्रार ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे, शहरात पोलीस आयुक्तांकडे पोस्टाने पाठवता येते. रजिस्टर करून पावती ठेवावी.

गावानेच हक्क नाकारला तर?

हक्क नेहमी सरकारच मोडते असे नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, तो पाणी पिण्याच्या हक्कासाठी. संविधान आल्यावरही अनेक गावांत पाणवठे वेगळेच राहिले, म्हणून पुण्याच्या बाबा आढावांना १९७० च्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' चळवळ काढावी लागली. कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला असे होत नाही, याचा हा जवळचा पुरावा.

अशा वेळी आयोगापेक्षा थेट फौजदारी कायदा जास्त कामाचा. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारासाठी १९८९ चा कायदा आहे. जात पंचायतीने किंवा गावकीने वाळीत टाकले तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. तो २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. लग्न-मयताला येऊ न देणे, देवळात, पाण्यावर किंवा दुकानात अडवणे असे प्रकार यात येतात.

दाद कुठे मागायची?

१. मोफत वकील. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत किंवा तुरुंगात असलेला माणूस यांना उत्पन्न न बघता ही मदत मिळते. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोन : १५१००.

२. राज्य मानवी हक्क आयोग, मुंबई. वकील लागत नाही, फी नाही, मराठीत अर्ज चालतो. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी, नाहीतर आयोगाला चौकशी करता येत नाही. अर्जात कोण, कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्याने काय केले किंवा काय केले नाही, हे सरळ लिहावे आणि कागदांच्या झेरॉक्स जोडाव्यात. मूळ कागद देऊ नयेत. एकच तक्रार राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे पाठवू नये.

३. उच्च न्यायालय. माणूस बेकायदा डांबून ठेवला असेल तर 'हेबियस कॉर्पस' याचिका करता येते, म्हणजे त्याला न्यायालयापुढे आणा असा आदेश मागणे. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झाले असले तरी पुणे जिल्हा त्यात नाही. पुण्याची प्रकरणे मुंबईलाच जातात.

आयोगाची ताकद किती?

याबाबत गैरसमज फार. आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण चौकशीनंतर आयोग सरकारला शिफारस करतो : भरपाई द्या, अधिकाऱ्यावर कारवाई करा. शिफारशीवर काय केले ते सरकारने साधारण एका महिन्यात कळवायचे असते. सरकारने ऐकले नाही तर आयोग उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. आयोग स्वतः कोणाला तुरुंगात टाकत नाही. म्हणून आयोगाकडे अर्ज दिला म्हणून पोलिसांतली किंवा कोर्टातली तक्रार थांबवू नये.

शिकणाऱ्यांसाठी

कोणताही निकाल वाचताना चार प्रश्न वहीत लिहावेत. माणसाचे नेमके काय हिरावले गेले? कोणी हिरावले? कोणत्या कलमाचा आधार घेतला? आणि शेवटी त्या माणसाला काय मिळाले? चौथा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात. होस्कोट यांच्या बाबतीत त्याचे उत्तर 'काहीच नाही' असे आहे. शिक्षा तर आधीच भोगून झाली होती. मिळाले ते त्यांच्यानंतर येणाऱ्यांना.

आणि घरच्यांसाठी एकच सवय. ठाण्यात, तुरुंगात, तहसीलमध्ये किंवा दवाखान्यात अर्ज द्या, पण दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "साहेब, पोच द्या" एवढे म्हणायला वकील लागत नाही.

जवळ ठेवा : तातडीची मदत ११२ | मोफत कायदेशीर मदत १५१०० | बालकांसाठी १०९८